हंकाकांचं स्पॅनिश

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्तरींना सगळे हंकाका म्हणत. खरं नाव कंपनीच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच ते सुखाने पडून होतं. हे नाव पाडलं कुणी ते कुणाला आठवत नव्हतं, पण का पाडलं ते विचारायची वेळ कधी आली नाही. "काका, लिफ्ट चालू झाली का?" "हं." "उद्या पुन्हा यावं लागेल का?" "हं." "काका, जेवून आलात ना?" "हं." होकार, नकार, आभार आणि वैताग ते एकाच 'हं'मध्ये बसवत. कुठला 'हं' कशाचा, हे कळायला चौतीस वर्षं संसार करावा लागे, आणि तो एकट्या काकूंनी केला होता.

काकू शाळेच्या ग्रंथालयात कामाला होत्या. दिवसभर 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून जे काही साठे, ते त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या मोकळं करत. कोणत्या मुलीने पुस्तकाची पानं फाडली, मुख्याध्यापिका काय बोलल्या, बसमध्ये कुणाची छत्री कुणाच्या डोळ्यात जाता जाता राहिली. काका ऐकत. खरंच ऐकत, कारण चार दिवसांनी काकू म्हणाल्या, "त्या मुलीने आज काय केलं माहीत आहे?" तर 'कोणत्या मुलीने' असं त्यांनी कधी विचारलं नाही. म्हणजे घरात तक्रार अशी नव्हती. काकू मैत्रिणींना सांगत, "आमच्याकडे रेडिओ मी, आणि भिंत ते."

त्या वर्षी काका सत्तावन्न वर्षांचे होते. एका गुरुवारी भर दुपारी त्यांना फोन आला. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर सहा मजल्यांची एक जुनी इमारत होती. खाली औषधाचं दुकान, वर दोन वकील, एक दंतवैद्य, चौथ्या मजल्यावर परदेशी भाषांचा क्लास. तिथली लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली होती आणि आत एक बाई होती.

काका वीस मिनिटांत पोचले. तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांनी लिफ्टच्या दारावर थाप मारली. "कोण आहे आत?"

आतून आवाज आला, पण त्यातलं एक अक्षर त्यांना कळेना. बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. शेवटचा शब्द त्यांच्या कानाला 'सोळा' असा लागला. इमारतीला मजले सहा, आणि हिला जायचंय सोळाव्यावर? "हं," काका म्हणाले आणि वर निघाले.

अडकलेली लिफ्ट हलवायची रीत ठरलेली असते. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचं, वीज बंद करायची, एका लोखंडी दांडीने ब्रेक उचलून धरायचा आणि मोठं चाक हाताने फिरवत लिफ्ट इंच इंच सरकवत मजल्याला आणायची. काका वर पोचले तर दांडी जागेवर नाही. कुणीतरी गच्चीचं दार अडवायला नेली असणार, नाहीतर आणखी कशाला. मनातल्या मनात त्या माणसाचा उद्धार करत ते खाली आले, पार रस्त्यापर्यंत, स्कूटरच्या डिकीतून स्वतःची दांडी काढली आणि पुन्हा सगळे जिने चढले. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून त्यांची पावलं तीनदा वाजत गेली. तिन्ही वेळा आतून तेच वाक्य आलं. दुसऱ्यांदा मोठ्याने, दारावर मुठी आपटत. तिसऱ्यांदा अगदी बारीक. काकांचं सगळं लक्ष दांडीत होतं.

फोन आल्यापासून तासाभराने दार उघडलं. चाळिशीची एक परदेशी बाई बाहेर आली आणि पायरीवर बसली. केस घामाने कपाळाला चिकटलेले, हातात एक पुस्तकांची पिशवी घट्ट धरलेली. "लागलं का कुठे?" काकांनी विचारलं. तिने मान हलवली. काकांनी फॉर्म भरला: अडकलेल्या व्यक्ती, एक. इजा, नाही. सही केली, लिफ्ट चार वेळा वरखाली करून पाहिली आणि दुसऱ्या कामावर गेले.

पण कानात पाणी जावं तसं ते वाक्य कानात राहिलं. जेवताना, स्कूटर चालवताना, मशीनला तेल घालताना मधेच 'सोळा' ऐकू येई. तीसेक वर्षांत त्यांनी शंभरेक माणसं लिफ्टमधून काढली होती. काही शिव्या देत बाहेर आली होती, एकजण गात बाहेर आला होता. अर्थ न लागलेली ही पहिलीच.

तीन आठवड्यांनी ते महिन्याच्या तपासणीला त्याच इमारतीत गेले, तेव्हा ती बाई जिना चढत होती. दुसऱ्या मजल्यावर थांबून तिने कठड्याला हात टेकला आणि दम घेतला.

"लिफ्ट चालू आहे," काका म्हणाले.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "लिफ्ट चांगला आहे. मी चांगला नाही. मी पायाने जातो."

त्या चौथ्या मजल्यावरच्या क्लासमध्ये स्पॅनिश शिकवत. या गावात येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि मोडकीतोडकी का होईना, भाषा यायची. फक्त पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा त्यांनी पार गोंधळ घातला होता. पण त्या दिवशी लिफ्टमध्ये, भीतीने ती सगळी भाषा कुठल्या कुठे पळून गेली होती आणि आपली जन्माची तेवढी उरली होती.

काकांनी पाना या हातातून त्या हातात घेतला. "त्या दिवशी तुम्ही सोळा, सोळा म्हणत होता. इथे सोळावा मजला नाही."

बाई आधी हसल्या. मग हसू थांबलं. "सोळा नाही. सोला. सोला म्हणजे एकटी. नो मे देहे सोला. मला एकटीला सोडू नका." त्यांनी तीन बोटं वर केली. "तुम्ही तीन वेळा गेलात. मी पाय ऐकला. मला वाटलं, बाहेर माणूस आहे, पण तो बोलत नाही. मग मला वाटलं, कदाचित मीच मेलेला आहे."

काकांच्या तोंडून 'हं' निघाला नाही. बाई वर गेल्या, आणि काका तपासणीची वही उघडून बराच वेळ एकच पान बघत उभे राहिले.

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगायची सवयच नव्हती, तर हेच कसं सांगणार? पण पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सहाला ते कामाच्याच कपड्यांत, चौथ्या मजल्यावर क्लासच्या दारात जाऊन उभे राहिले. टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, आमची काही तक्रार नाहीये. लिफ्ट व्यवस्थित चालू आहे."

"माहीत आहे," काका म्हणाले. "नाव घालायचंय."

"कुणाचं?"

"माझं."

क्लासमध्ये सात जण होते. परदेशी नोकरी लागलेली एक नर्स, हॉटेलात काम करणारी दोन मुलं, बाकी कॉलेजच्या मुली. काका मागच्या बाकावर बसले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, भुवया वर गेल्या, पण त्या काही बोलल्या नाहीत.

बाईंची शिकवण्याची तऱ्हाच उलटी होती. टेबल, खुर्ची, खिडकी हे नंतर. आधी, आज तुम्हाला कसं वाटतंय? आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत, 'कोमो एस्तास?' आणि 'बिएन', म्हणजे 'बरा आहे', हे उत्तर त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकलं. "बिएन म्हणजे काही नाही," त्या म्हणाल्या. "बिएन म्हणजे दार लावलं." फळ्यावर भावनांची यादी होती, ज्याला जे लागू त्याने ते म्हणायचं. मुली पटापटा म्हणाल्या, दमलेय, खूश आहे, झोप येतेय. काकांची पाळी आली. सगळे वळून बघायला लागले. काकांनी ती यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. राग, लाज, भीती, आनंद, यातलं काही नक्की सापडेना. शेवटी यादीच्या तळाशी, भूक-तहानेच्या ओळीवर बोट ठेवावं तसं ते म्हणाले, "तेंगो सेद."

मला तहान लागली आहे. बाई उठल्या, कोपऱ्यातल्या मडक्यातून त्यांनी पाण्याचा ग्लास भरला आणि काकांच्या पुढ्यात आणून ठेवला.

काका ग्लासाकडे पाहतच राहिले. आपल्याला काय होतंय ते नुसतं सांगितलं, आणि एक माणूस उठून गेला! एवढं सोपं असतं? त्यांनी तो ग्लास एका दमात संपवला. खरं तर तहानही लागलीच होती.

तिसऱ्या आठवड्यात तर नवल झालं. 'मे गुस्ता' हे वाक्य आलं आणि सगळा वर्ग त्यात रुतला. नर्स म्हणाली, "बाई, यात 'मी' कुठे आहे? आवडणारी मी आहे ना?" बाई समजावून समजावून दमल्या. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला.

"आपल्यासारखंच आहे ते," काका म्हणाले. "मला आवडतं. मला राग येतो, मला भीती वाटते, मला आठवण येते. आपण कुठे काय करतो? ते येतं. आपण नुसते उभे असतो."

एवढं लांब बोलल्याचा स्वतः काकांनाच धक्का बसला होता. बाईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आज हंकाका शिक्षक."

पण सगळंच असं गोड नव्हतं. स्पॅनिशमध्ये 'मी आहे' दोन प्रकारे म्हणतात: 'सोय' आणि 'एस्तोय'. जन्माचं, कायमचं असेल तर सोय. आत्तापुरतं असेल तर एस्तोय. काकांनी वहीत आपल्या पद्धतीने लिहून ठेवलं: 'सोय म्हणजे इमारत. एस्तोय म्हणजे लिफ्ट आत्ता ज्या मजल्यावर आहे तो.' कल्पना पक्की होती, पण जीभ घसरायची. आणि जिभेच्या या घसरण्यानेच घरी बिंग फुटलं.

एका शनिवारी काकू ग्रंथालयातून लवकर आल्या, तर काका कपाटाच्या आरशासमोर उभे राहून स्वतःला काहीतरी सांगत होते. काकू दारात थबकल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी आपल्या नवऱ्याला स्वतःशीही बोलताना पाहिलं नव्हतं.

"अहो! हे काय चाललंय?"

काका दचकले. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून त्यांनी वही दाखवली. "स्पॅनिश," ते म्हणाले.

"स्पॅनिश? तुम्ही? मराठीतलं निम्मं शिल्लक आहे अजून!" काकू हसत हसत पलंगावर बसल्या. "बरं, म्हणून दाखवा. काय म्हणत होता आत्ता?"

"सोय आबुर्रिदो."

"म्हणजे?"

"म्हणजे मला कंटाळा आलाय." काकांनी वहीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "नाही. चुकलं. एस्तोय म्हणायला हवं. सोय म्हटलं की अर्थ होतो, मी कंटाळवाणा माणूस आहे."

"मग चुकलं कुठे?" काकू म्हणाल्या, आणि त्यांना इतकं हसू लोटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. काकाही हसले. हसणं त्यांचं बिनआवाजाचं होतं, फक्त खांदे हलायचे.

त्या दिवसापासून काकू त्यांचा अभ्यास घ्यायला लागल्या. भाजी निवडता निवडता वही समोर धरून विचारायच्या, "भीती वाटते?" काका म्हणायचे, "तेंगो मिएदो." "वाईट वाटतं?" "मे दा पेना." काकूंना अर्थ यादीतूनच कळायचे, पण मार्क देताना त्या हात आखडता घेत नसत.

असंच एकदा 'भीती'वर आल्यावर काका थांबले. उत्तर येत नव्हतं असं नाही. ते म्हणाले, "अगं, ऑपरेशनच्या दिवशी तू घाबरली होतीस का?"

अकरा वर्षांपूर्वी काकूंच्या पित्ताशयातले खडे काढले होते. त्या दिवसाची गोष्ट त्यांनी मैत्रिणींना, बहिणींना, ग्रंथालयात नव्या येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितली होती. मला आत न्यायची वेळ झाली, मी नर्सला विचारतेय आमचे हे कुठे आहेत, आणि नर्स म्हणते, बाई, तुमचे मिस्टर आमची लिफ्ट दुरुस्त करतायत! प्रत्येक वेळी सगळ्या जणी खो खो हसायच्या. काकूही हसायच्या.

या वेळी त्या हसल्या नाहीत. हातातली शेंग त्यांनी ताटलीत ठेवली.

"अर्धा तास त्या स्ट्रेचरच्या गाडीवर एकटी पडून होते," त्या म्हणाल्या. "वर नुसतं छत. येणाजाणाऱ्या प्रत्येक पावलाला वाटायचं, हे आले. घाबरले होते का काय विचारता? हातपाय गार पडले होते माझे. तुम्ही येऊन नुसता हात धरला असतात तरी चाललं असतं. बोलायला मी कधी सांगितलंय तुम्हाला?"

"मग सगळ्यांना हसून का सांगतेस?"

"मग काय रडून सांगू?"

काका गप्प झाले. काकूंना वाटलं, झालं, भिंत पुन्हा जागेवर गेली. त्यांनी शेंग उचलली. तेवढ्यात काका म्हणाले, "तेंगो मिएदो." मग मान हलवून, जणू स्वतःलाच दुरुस्त करत म्हणाले, "मला भीती वाटत होती. तुझ्याआधी एका माणसाला ऑपरेशन करून खाली आणलं. ती लिफ्ट मजल्याच्या दीड इंच खाली थांबायची. गाडीचं चाक त्या दीड इंचावर आदळलं आणि तो माणूस कळवळला. पोटाला ताजे टाके. तुलाही त्याच लिफ्टने खाली आणणार होते."

काकूंच्या हातातली शेंग पुन्हा ताटलीत गेली.

"मी त्यांच्या इलेक्ट्रिशियनला शोधला. त्याच्याकडून किल्ली घेतली. ब्रेक सैल झाला होता, तो आवळला. तुला आणायच्या आधी अकरा वेळा लिफ्ट खालीवर करून बघितली. बरोब्बर मजल्याला थांबत होती. तुला आणलं तेव्हा गाडी आदळली नाही. मी बघत होतो."

काकूंच्या तोंडून बराच वेळ शब्द फुटेना, आणि ही त्या घरातली नवी गोष्ट होती. मग त्यांनी काकांच्या दंडावर चांगली सणसणीत चापट मारली.

"अकरा वर्षं!" त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "अकरा वर्षं मी जगभर तुमची चेष्टा करत हिंडले. हे सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

"तू विचारलं नाहीस," असं काकांच्या ओठावर आलं होतं. पण ते खरं नव्हतं. विचारणं हे काही कारण नसतं. ते म्हणाले, "मला कळलंच नाही की हे सांगायचं असतं." आणि उरलेल्या शेंगा दोघांनी मिळून निवडल्या.

एवढं झाल्यावर बाईंचं राहिलेलं काम काढणं भाग होतं. स्पॅनिशमध्ये माफी मागताना 'लो सिएंतो' म्हणतात. शब्दशः पाहिलं तर 'मला ते जाणवतंय.' काकांना हा शब्द फार पटला होता. चूक झाली, क्षमा करा, असं म्हटलं की हिशेब मिटवल्यासारखं वाटतं. जाणवतंय म्हटलं की माणूस तिथेच उभा राहतो.

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर सगळे गेले तरी ते बाकावर बसून राहिले. वाक्यं त्यांनी तीन दिवस घोटली होती. उठून उभे राहिले आणि म्हणाले, एक एक शब्द पायरीसारखा मोजत, की त्या दिवशी मी ऐकलं, पण कळलं नाही, कळलं नाही तरी बोलायला हवं होतं, लो सिएंतो. दोन क्रियापदं चुकली. बाईंनी चूक दुरुस्त केली नाही.

"ग्रासियास," त्या म्हणाल्या. मग मराठीत, "मला पण माहीत नव्हता, तुम्ही वर काय करत होता."

"दाखवतो," काका म्हणाले.

त्यांनी बाईंना जिन्याने गच्चीवर नेलं. मशीनच्या खोलीचं कुलूप काढलं. ते मोठं चाक दाखवलं, ब्रेक दाखवला, दांडी कुठे लागते ते दाखवलं. लोखंडी दोर चार आहेत आणि एकटा दोरसुद्धा माणसांनी भरलेली लिफ्ट पेलतो, हे चारही दोरांवर हात ठेवून सांगितलं. निम्मं स्पॅनिश, निम्मं मराठी, उरलेलं हातांनी. बाईंनी दांडी हातात घेऊन पाहिली. "फार जड," त्या म्हणाल्या. "हे घेऊन तुम्ही जिना चढलात?"

उतरताना बाई सहाव्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी थांबल्या. काकांनी काही सुचवलं नाही. बाईंनीच बटण दाबलं. आत शिरल्यावर त्यांनी कडेची दांडी दोन्ही हातांनी धरली, बोटं पांढरी पडेपर्यंत. आणि मग काका बोलायला लागले. आता पाचवा येतोय. हा आवाज दाराच्या पट्टीचा, काही नाही. आता चौथा, तुमचा क्लास. आता हलकासा झटका बसेल, तो नेहमीचाच. इतकं सलग ते बहुधा जन्मात बोलले नसतील. तळमजल्याला दार उघडलं तेव्हा बाईंचा एक हात सुटला होता. एकच, पण सुटला होता. त्या सोमवारी वर जाताना त्यांनी पुन्हा जिना धरला, बुधवारी लिफ्ट. असं मागेपुढे होत होत दोनेक महिन्यांत जिना सुटला.

कामावरही फरक पडला. आता कुणी अडकलं की काका आधी दाराशी उभे राहत. आपण कोण, आता कुठे जाणार, किती वेळ लागेल, हे सगळं दाराला तोंड लावून सांगत. जिन्यातून पुन्हा जायची वेळ आली तर जाता जाता ओरडत, "मीच आहे! दांडी आणायला चाललोय!" एकदा आतल्या गृहस्थांनी वैतागून सांगितलं, "अहो, कळलं! बोलू नका, काम करा!" काकांना ते वाक्य एवढं आवडलं की घरी येऊन त्यांनी ते काकूंना दोनदा ऐकवलं.

आणि मग त्यांचं भांडण झालं. चौतीस वर्षांतलं पहिलं. त्याआधी भांडण व्हायला तसा वाव नव्हता. काकू एकट्याच बोलत, एकट्याच रागावत आणि थोड्या वेळाने एकट्याच निवळत.

थंडीचे दिवस होते, रविवारची सकाळ. काकूंनी उठल्या उठल्या नेहमीप्रमाणे झोपायच्या खोलीची अर्धी उघडी खिडकी पूर्ण उघडली. काका पांघरुणातून म्हणाले, "तेंगो फ्रिओ."

"अरे वा, सकाळी सकाळी अभ्यास!"

"अभ्यास नाही. खरंच थंडी वाजते."

"कधीपासून?"

काकांनी खरं उत्तर दिलं. "लग्नापासून."

काकू गर्रकन वळल्या. "काय? चौतीस वर्षं रात्रभर खिडकी उघडी असते, आणि तुम्ही कुडकुडत झोपता? आणि मला सांगत नाही? मी कोण, शेजारीण?"

"तुला मोकळी हवा आवडते म्हणून..."

"मला? मला कोण म्हणालं? तुम्ही दिवसभर त्या तेलाच्या वासात कोंडून काम करता, तुम्हाला हवा हवी असेल म्हणून मी ती उघडी ठेवते! मला स्वतःला दर थंडीत सर्दी होते!"

काका उठून बसले. पांघरूण खांद्यावरून घसरलं तरी त्यांना भान नव्हतं. "मग तू का नाही सांगितलंस? मी एक वेळ समजू शकतो, मी बोलत नाही. तू तर सगळं सांगतेस! बसमधल्या छत्र्या सांगतेस! आणि एवढी गोष्ट सांगत नाहीस?"

आवाज चढला होता. काकांचा. काकू दुप्पट जोराने तुटून पडल्या. आणखी काय काय लपवलंय, तेही आत्ताच सांगा, असं त्यांनी फर्मावलं, आणि काकांनीही मागेपुढे पाहिलं नाही. चहा फार गोड होतो. निळा स्वेटर टोचतो. तुझी मावशी आली की मी मुद्दाम कामावर उशीर करतो. काकूंनी उलट सुनावलं की मावशीलाही ते कळतं, आणि मीही तिला तेच सांगते. काका म्हणाले, मला राग आलाय. काकू म्हणाल्या, मला पण आलाय, तुमच्या आधी आलाय.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी, शाल गुंडाळून, धापा टाकत उभ्या होत्या.

"काय झालं गं?" त्यांनी आत डोकावून विचारलं. "पुरुषाचा आवाज आला. कुणी परका माणूस शिरलाय का घरात?"

"नाही हो, आमचेच आहेत," काकू म्हणाल्या. गाल लाल झाले होते आणि डोळे चमकत होते. "भांडतोय आम्ही. या ना, बसा."

आजी खुर्चीत टेकल्या आणि कौतुकाने काकांकडे बघायला लागल्या. काकांनी खिडकी लावली, कडी घातली आणि आजी उगाच मधे आल्या म्हणून काकांना थोडं वाईटही वाटलं, कारण मावशीबद्दल अजून बरंच सांगायचं राहिलं होतं.